गाळलेलं पान

चात्तूनं पान उलटलं आणि केळूची कात्री थांबली.

"एक पान गाळलंस तू," केळू म्हणाला.

विडीशाळेतली चाळीस डोकी वर झाली. वाचणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं आणि एक ओळही गाळायची नाही. त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. कण्णूरच्या विडीशाळांतला हा जुना करार. अकरा वर्षांत चात्तूनं तो एकदाही मोडला नव्हता. मंत्र्यांची रटाळ भाषणंसुद्धा तो तिखटमीठ लावल्यासारखी वाचायचा.

"चिकटलं असेल," चात्तू म्हणाला.

"चिकटलेलं नव्हतं. बोट घालून दोन पानं एकदम उलटलीस. बघितलं मी."

कोपऱ्यातला म्हातारा पोक्कन हसला. "अरे केळू, तुझ्याचसाठी गाळलं असेल त्यानं. त्यात देवांचे वाभाडे काढले असणार, आणि तू पडलास देव."

सगळे हसले. थंडीचे दिवस सुरू झाले की केळू आठवड्यातले एक-दोन दिवस विड्या सोडून देव व्हायचा. रंग लावून, मुकुट चढवून देवराईत उभा राहायचा, त्याच्या अंगात देव यायचा आणि वरच्या आळीतले उच्च जातीचे नायर-नंब्यारसुद्धा त्याच्यापुढं हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी परत विड्यांचं सूप मांडीवर. आजही त्याच्या डोळ्यांच्या कडेला काजळ उरलं होतं.

हे पुस्तक चात्तूनंच भांडून आणलं होतं. कादंबऱ्या पुरे झाल्या, आता जरा डोक्याला खुराक द्या, म्हणून वाचनालयाच्या बैठकीत तो तावातावानं बोलला होता. माणसानं आजवर काय शोधलं, कशावर विश्वास ठेवला आणि काय नुसतं कल्पिलं, याचं ते पुस्तक. सोमवारी त्यानं ते मोठ्या ऐटीत उघडलं. आज शुक्रवार. सकाळपासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकच ओळ दोनदा वाचत होता, मध्येच उठून पाणी पीत होता.

"वाच," केळू म्हणाला. "मला नाही लागायचं."

चात्तूनं पान मागं घेतलं आणि घसा खाकरला. "‘संकटातल्या माणसाला जे ऐकायचं असतं, तेच त्याला देवाच्या तोंडून ऐकू येतं. आवाज दुसऱ्याचा असतो, इच्छा मात्र त्याची स्वतःची...’" पुढं त्याला वाचवेना.

"हे तर तू अकरा वर्षं आम्हांला ऐकवतोयस," पोक्कन म्हणाला. "मग आजच का घशात अडकलं?"

चात्तू केळूकडे बघत होता. "मंगळवारी मी तुझ्यापुढं उभा होतो."

आता कुणी हसलं नाही. चात्तू देवराईच्या वाटेनंसुद्धा जात नाही, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

"बायकोनं ओढत नेलं. पण हात मीच पुढं केला. तू तो धरलास आणि म्हणालास, लेकरू आपल्या पायांनी घरी येईल." त्याला लाज वाटत होती आणि ती लपवायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "आमच्या रेमाच्या हृदयाला भोक आहे. येत्या सोमवारी वेल्लूरच्या इस्पितळात ऑपरेशन. मायलेकी पुढं गेल्यात, मी आज संध्याकाळच्या गाडीनं निघतो. मंगळवारपासून त्या एका वाक्यावर माझ्या घशाखाली घास उतरतोय, केळूदादा. कोण बोललं ते? देव, की तू?"

केळूनं हातातली अर्धी वळलेली विडी सुपात टाकली.

"मुकुट चढवला आणि आरशात पाहिलं, की पुढचं मला काही आठवत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पायांनी येईल? असं म्हणालो मी?"

"म्हणालास."

केळूचा चेहरा उतरला. त्यानं सूप मांडीवरून खाली ठेवलं. दिवसाला हजार विड्या न बघता वळणारे हात, पण आता ते कुठं ठेवावेत हेच त्याला कळेना.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ते कसलीच खात्री देत नाहीत."

"या पुस्तकात हृदयाचं काही लिहिलंय?"

"आहे. पुढं एक प्रकरण आहे."

"ते काढ."

चात्तू वाचू लागला. छाती कशी उघडतात, रक्त तेवढा वेळ यंत्रातून कसं फिरवतात, भोक कसं शिवतात, थांबवलेलं हृदय पुन्हा कसं चालू होतं. एकाही कात्रीचा आवाज येत नव्हता. केळू बसल्या जागेवरून सरकत सरकत पार चात्तूच्या गुडघ्याशी आला होता.

प्रकरण संपलं.

"पोरं नंतर चालत घरी जातात, असं लिहिलंय?" केळूनं विचारलं.

चात्तूनं शेवटच्या ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. "बहुतेक पोरं जातात, असं लिहिलंय."

"मग परत वाच," देव म्हणाला.