यात्रेचं मटण

"चाचा, औंदा तुमचं काम न्हाई. आमचं आमी कापणार," ऋषिराजनं फाटकातच सांगून टाकलं.

दस्तगीर मुलाणी फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन तसाच उभा राहिला. मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय या गावात यात्रेचं मटण चुलीवर चढत नसे, आणि या घरचा मान तर त्याच्या आज्यापासूनचा. त्यानं ओसरीवरच्या हंबीररावांकडे पाहिलं. हंबीरराव तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले. पोरगा मोबाइलवर कुणाकुणाची भाषणं ऐकून शहाणा झालेला. शहाण्या पोराशी बाप कशाला वाद घालतोय!

दस्तगीर वळला.

ऋषिराजनं ऊस तोडायचा कोयता घेतला. पहिला घाव बकऱ्याच्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. बकरं दावं तोडून अंगणभर रक्त उडवत फिरू लागलं. त्याचं ओरडणं ऐकवत नव्हतं. ऋषिराजचे हात लटपटायला लागले. तिसऱ्यांदा कोयता काही उचलेना.

ते ओरडणं ऐकून दस्तगीर रस्त्यातच थांबला होता. ऋषिराजची आई, लीलाबाई, फाटकाकडे धावल्या. "दस्तगीर, आरं सोडव रं त्या जिवाला! ये आत!"

तो पळत आला. बकऱ्याला मांडीखाली दाबून त्यानं त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि एकदाच सुरी फिरवली. बकरं गप झालं. दस्तगीर रडत होता.

कोयता टाकून ऋषिराजनं मोबाइल काढला होता. तो मात्र त्याला न थरथरता धरता आला.

तासाभरात तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. त्यात लीलाबाईंची हाक नव्हती. खाली लिहिलं होतं, 'सुरी घेऊन आता आपल्या घरात शिरायला लागले.'

दुपारी पंगत बसली तेव्हा दारात पोलिसांची जीप आली. मागं दस्तगीर बसला होता. कपडे तेच, रक्ताचे. चौकात पोरांनी मारून एक डोळा पार बंद केलेला. पंगतीत त्यानंच कापलेलं मटण वाढलं जात होतं.

हवालदारानं विचारलं, "काकी, ह्यो म्हणतोय तुमीच आत बोलावलं. खरं हाय काय?"

लीलाबाईंनी जीपकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे, मग पोराकडे. रश्श्याचं भांडं त्यांच्या हातात होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

हंबीरराव सरकून बसले. बाजूला एका माणसापुरती जागा झाली.

"आलायसा तर बसा की सायेब. यात्रेचं हाय, दोन घास खाऊन जावा."