बरणीतली साखर

खिडक्यांच्या काचा गेल्या वर्षीच देऊन झाल्या होत्या. नद्यांमधली वाळू संपल्यापासून काँक्रीटमध्ये काचेचा चुरा घालत, आणि खाडीवरच्या नव्या पुलाचा शेवटचा खांब काचेवाचून अडला होता. पलीकडे पेठेकाकांची लेक राहत होती. जुना पूल पडल्यापासून तिची भेट नव्हती. म्हणून आज त्यांनी घरातली शेवटची काच, मुरांब्याची रिकामी बरणी, स्वतःहून संकलन केंद्रावर आणली.

तिथल्या तनुजाने बरणीत तपासणीची कांडी फिरवली. "काका, साखर दाखवतेय. धुतली नाहीत वाटतं?"

"नाही. चार वर्षं झाली."

"अहो, मुंग्यांसाठी ठेवली होती की काय? साखर राहिली तर काँक्रीट धरत नाही. तिकडे नळ आहे, साबणही आहे बघा."

काका नळाशी गेले, पण नळ सोडेनात. तनुजा मागोमाग आली. "द्या, मी धुते."

"नको," ते संकोचून म्हणाले. "आमच्या हिने केलेला शेवटचा मुरांबा होता यात. ती गेली. झाकण उघडलं की अजून लवंगेचा वास येतो, एवढंच."

तनुजाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग हळूच म्हणाली, "न्या घरी, काका. मी बरणीची नोंद करत नाही."

काकांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं आणि नळ सोडला. तिसऱ्यांदा धुतल्यावर कांडीवर शून्य आलं. बरणी पेटीत ठेवण्याआधी त्यांनी ती नाकाशी धरली.

"येतो का वास?" तनुजाने विचारलं.

"साबणाचा," काका म्हणाले.