पाय तेवढे ठेवले

“झालीय हो! अगदी मनासारखी झालीय मुलगी. आता नुसती शाई फिरवायची,” फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरत ती म्हणाली. उतरत्या टेबलापाशी ती उभी होती आणि हातातली पेन्सिल चालूच होती. चित्रातल्या मुलीचे पाय तेवढे राहिले होते, ते तिने बोलता बोलता उरकून टाकले.

पलीकडे संपादकबाई होत्या. “बघ हं. दोनदा परत पाठवलंय. संध्याकाळी पाचला माणूस येईल न्यायला. या खेपेलाही जमलं नाही, तर पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल मला.”

“छे हो, बघाल तर खूश व्हाल!” असं म्हणून तिने फोन ठेवला आणि मटकन खुर्चीत बसली.

कसली मनासारखी न् कसलं काय! गोष्ट होती एका थापाड्या मुलीची. ती बरणी फोडते आणि आईसमोर उभी राहून सांगते, मांजराने पाडली. बाकीची अकरा चित्रं रंगून तयार होती, हे एकच अडून बसलं होतं. कारण पोरगी उमटायची ती अगदी गरीब गाय. तिच्याकडे बघून कुणीही मांजरालाच दोष दिला असता. संपादकबाईंनीही तेच लिहून पाठवलं होतं, ‘ही खरं बोलतेय असं वाटतं.’

तेव्हापासून तिने कच्च्या वहीत साठेक मुली खरडल्या होत्या. कुणाचे डोळे तिरके केले, कुणाची जीभ गालात घातली, कुणाचे हात पाठीमागे नेले. आरशासमोर बसून स्वतःची नाही नाही ती तोंडं करून पाहिली. शेजारची छोटी बोलावून तिला थाप मारायला सांगितलं, तर ती बया लाजून पळूनच गेली. शेवटी त्यातल्या त्यात बरी मुलगी निवडून, काचेखाली दिवा लावून, तिने ती चांगल्या कागदावर उतरवली. मन सांगत होतं, नाही जमलेलं. ती मनाला म्हणत होती, गप बस. पहिल्यांदाच एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिचं नाव येणार होतं. ते हातचं घालवायची तिची तयारी नव्हती.

समोर बुटक्या स्टुलावर तिचे बाबा बसले होते. चाळीस वर्षं चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांची मापं घेतली आणि आता लेकीकडे नोकरीला आहे, असं ते सगळ्यांना ऐटीत सांगायचे. काम एकच. शाई वाळली की खालच्या पेन्सिलच्या रेघा खोडरबराने पुसायच्या आणि चुरा मऊ ब्रशने झटकायचा. हात इतका हलका, की कागदाचा पापुद्राही हलायचा नाही. चित्रातलं मात्र त्यांना पायांपलीकडे काही दिसायचं नाही. राजकन्या दाखवली तरी म्हणायचे, “ठमे, या चपला घालून ही जिना कशी उतरणार गं?” आणि मग दुकानातली गोष्ट ठरलेली. “गिऱ्हाईक तोंडभरून सांगतं, छान बसली हो, मुळीच चावत नाही. आणि आत अंगठा मुडपलेला! मी आपला गुपचूप पुढचं माप काढायचो.” ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा हसली होती.

शाईला हात घालण्याआधी ती चहा करायला उठली. दोन कप घेऊन परत आली, तर बाबा ब्रशने चुरा झटकत होते. पुढ्यात तिचा तोच कागद होता. मुलीचं डोकं नव्हतं, हात नव्हते, झगा नव्हता. पांढऱ्या कागदाच्या तळाशी दोन पावलं तेवढी उभी होती.

चहा बशीत सांडला. “बाबा! अहो, शाई कुठे लागली होती याला अजून!”

नजर गेली यांची, तिला वाटलं. आता ओरडायचं तरी कुणावर? रागही आला आणि मायाही.

“ठाऊक आहे मला,” बाबा शांतपणे म्हणाले. “म्हणून तर घाई केली. शाई लागल्यावर मला कुठे पुसता आलं असतं?”

“म्हणजे मुद्दाम पुसलंत?”

“पाय ठेवलेत की! वरची ती शहाणी मुलगी कुणाची होती, कोण जाणे. ही पावलं मात्र माझ्या ओळखीची आहेत. चांगली लहानपणापासूनची.”

तिने कप कसेबसे खुर्चीवर ठेवले आणि कागद ओढून घेतला. डावं पाऊल सपाट टेकलेलं, उजव्याचा अंगठा त्याच्यावर चढलेला. असे पाय आपण कधी काढले, ते तिला आठवेचना. फोनवर बोलताना तिचं कागदाकडे लक्षच कुठे होतं?

“रागावलीस?” बाबांनी विचारलं.

“नाही हो,” ती झटकन म्हणाली. “मी कशाला रागावतेय? उलट बरंच झालं.”

बाबांनी चष्मा नाकावर सारखा केला. दुकानात गिऱ्हाईकासमोर वाकायचे तसे वाकले आणि टेबलाखाली बघून गालातल्या गालात हसले. काय बघतायत म्हणून तिनेही खाली पाहिलं.

तिच्या उजव्या पायाचा अंगठा डाव्या पावलावर चढून बसला होता, कागदावर होता तस्साच.