खुशबूचा लेखनिक

"पेपर पुढं ढकलता येईल का, सर?" खुशबूनं विचारलं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, आणि तिच्यासाठी वकिलीचा पेपर लिहिणारी पोरगी आलीच नव्हती.

परीक्षाप्रमुखांनी चष्मा कपाळावर सरकवला. विद्यापीठाकडून सगळी मंजुरी आली होती. वेगळी खोली होती, वाढीव वेळ होता, लेखनिक म्हणून शेजारच्या बारावीतल्या उर्वशीचं नाव होतं. पण सकाळीच उर्वशीच्या आईचा फोन आला, पोरगी तापानं फणफणली म्हणून.

"तुमची गैरहजेरी माफ होईल," सर म्हणाले, "पण हा पेपर मग थेट पुढच्या वर्षी. नाहीतर घंटा व्हायच्या आत दुसरा लेखनिक आणा. तुमच्यापेक्षा कमी शिकलेला हवा, आणि वकिली शिकणारा नको."

"बारावी नापास चालते का?" दारातून आवाज आला.

तो राजदीप होता, खुशबूचा मोठा भाऊ. घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो तसाच तिला मोटारसायकलवर घेऊन आला होता. भुवयांवर अजून करडी धूळ होती. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग नियमाच्या कागदाकडे. भाऊ नको असं त्यात कुठंच नव्हतं.

"ती सांगेल तेवढंच लिहायचं," सर म्हणाले. "विचारायचं नाही, सुचवायचं नाही."

"मले काय सुचते, सर," राजदीप म्हणाला, आणि नळावर जाऊन साबणानं हात घासून आला.

ग्रंथालयामागच्या लहानशा खोलीत दोघं बसले. खिडकीशी पर्यवेक्षक मॅडम होत्या. राजदीप शाळेत लिहायचा तसंच लिहीत होता. जिभेचं टोक दातात, एकेक अक्षर ओळीला नीट टांगलेलं. 'अधिनियम' त्यानं आधी चुकवला, खुशबूनं अक्षर-अक्षर सांगितल्यावर खोडून पुन्हा लिहिला. तिसऱ्या उत्तरापर्यंत त्याचा हात बसला. एका पानावर शाई पसरली तेव्हा त्यानं इतक्या अपराधी चेहऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, की तिला हसू आवरेना.

चौथा प्रश्न होता, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क.

खुशबू थांबली.

आई त्यांच्या लहानपणीच गेली होती. मागच्या वर्षी बाबाही गेले. मागं राहिलं ते आजोबांकडून आलेलं धानाचं वावर, तेवढीच शेती. मुखरूकाकानं तेव्हा राजदीपला सांगितलं, "पोरीची सही आताच घेऊन टाक. लग्न झाल्यावर जावई आडवा येते." गावात सगळे असंच करत. राजदीप तिला रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेला. तिनं हक्क सोडल्याची सही केली. मग दोघांनी चौकात तर्री-पोहे खाल्ले आणि घरी आले. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

हा प्रश्न तिला सोडता आला असता. पण उरलेल्यांपैकी पक्का येत होता तो हाच. तिनं खिडकीबाहेर पाहत सांगायला सुरुवात केली.

"मुलीचा हक्क जन्मापासून असतो."

राजदीपनं लिहिलं.

"तो तिला कोणी द्यावा लागत नाही. लग्न झालं तरी तो जात नाही. तिचा वाटा मुलाच्या वाट्याएवढाच असतो."

पेन थांबलं. राजदीपनं मान वर केली. त्याचे ओठ हलले.

"बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "लिहा."

त्यानं मान खाली घातली. 'एवढाच' हा शब्द त्यानं इतका दाबून लिहिला, की मागच्या पानावर उमटला. त्यानंतर पेपर संपेपर्यंत त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. लिहिलं मात्र सगळं, एक काना न चुकवता.

घंटा झाली. गाड्यांच्या स्टँडवर येऊन राजदीप मोटारसायकलला हात लावून नुसताच उभा राहिला.

"हे तुले ठाऊक होतं? सही केली तवा?"

"हो. शिकवलं होतं आमाले."

"मंग बोलली काऊन नाई?"

खुशबूनं ओढणी प्लास्टरवर नीट केली. उगाचच. मग म्हणाली, "बाबा गेलेच होते, भाऊ. वाटलं, वावर मागतलं तं तूही जाशीन."

राजदीपनं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, भुवया पुसल्या, आणि कितीतरी वेळ रुमाल तसाच चेहऱ्यावर धरून ठेवला. आधीच सुटलेली पोरं फाटकाशी हसत-खिदळत उभी होती. कोणीतरी खुशबूला विचारलं, पेपर कसा गेला. तिनं नुसतीच मान हलवली.

"बस," राजदीप म्हणाला. "हात सांभाळून बस."

गाडी निघाली. चौकात ती घराकडं वळली नाही.

"इकडं कुठी, भाऊ? घर तिकडं राह्यलं."

"रजिस्ट्री ऑफिसात. अर्धं वावर बहिणीच्या नावानं कराले काय काय लागते, विचारून येऊ."

"अरे, पण माही सही तं झाली ना तिथी!"

"तुही सही झाली," राजदीप म्हणाला. "माही बाकी हाय."