पाहुण्यांना बंदी

माळीवाड्याच्या नाक्यावर पोलिसांनी काळी-पिवळी अडवली तेव्हा बानाबाई डोळे मिटून बसली होती. लासूर स्टेशन सोडल्यापासून तिनं एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं. शेजारी तिचा नवरा त्रिंबक धुवट पटका बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता.

हवालदारानं जीपचं दार उघडलं. "लासूरचे कोण कोण हायेत? आधार काढा."

चिकलठाण्याच्या मैदानावर आज फुटबॉलची म्याच होती, चिकलठाणा आणि लासूरची. लासूरचे खेळाडू सकाळीच पोलिसांच्या गाडीमागून गेले होते. बाकी लासूरच्या कुणी यायचं नाही, रेल्वेनं नाही अन रस्त्यानंही नाही, असा औंदा हुकूम होता. गेल्या वर्षी म्याच सुटल्यावर दोन्हीकडून दगड आले आणि त्यात एक पोरगं गेलं.

ते पोरगं बानाबाईचं. बिरू. त्याला बॉलला धड लाथ मारता येत नव्हती. तो आपला गावाच्या संघासाठी ढोल वाजवायला जायचा. गळ्यात ढोल होता म्हणून त्याला पळता आलं नाही, असं मागाहून कुणीतरी तिला सांगितलं. दगड कुणाचा ते कुणीच सांगितलं नाही.

जीपमधले बाकीचे तयारीनं आले होते. कुणी म्हणालं लग्नाला, कुणी म्हणालं मोंढ्यात काम आहे. एकाच्या शर्टाच्या गळ्यातून संघाची निळी बनियन डोकावत होती, पण हवालदारानं तिकडं बघितलं नाही.

"अन तुमी?"

"म्याचला," त्रिंबक म्हणाला.

बानाबाईनं डोळे उघडले. पाव्हण्याकडं चाललो म्हणा, असं तिनं निघतानाच त्याला बजावलं होतं. लेकासाठी चाललो, त्यात खोटं कशाला, असं म्हणून त्यानं पटक्याचा पदर खोचला होता.

"लासूरवाल्यांना बंदी हाय. उतरा."

त्रिंबक उतरला. मागोमाग ती उतरली.

"साहेब, आमाला बोलावलंय," त्रिंबक म्हणाला. "तिथल्या मंडळाचे अध्यक्ष हायेत, तात्यासाहेब, ते दिवाळीत घरी येऊन सांगून गेले. म्याचच्या आधी बिरूसाठी समदं मैदान उभं ऱ्हाणार हाय. मी बाप त्याचा. ही आई."

हवालदारानं बाजूला जाऊन फोन लावला. बराच वेळ तो नुसता "जी सर, जी सर" करत होता. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"नाय म्हणतेत. तुमाला बघून लोकं भडकतील म्हणे."

"आमाला काय करायचंय साहेब? नुसतं उभं ऱ्हायचंय."

"मला कळतंय, बाबा. पण ही बंदी तुमच्या पोरापायीच हाय ना. पुन्यांदा कुणाचं जाऊ नये म्हणून."

तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि बाकीच्यांना घेऊन तो निघून गेला. त्रिंबकनं तात्यासाहेबांना फोन केला. "मी बोलतो वरती, तुम्ही तिथंच थांबा," तात्यासाहेब म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन नुसता वाजत राहिला.

दोघं लिंबाखाली बसली. बानाबाईनं ते मैदान कधी पाहिलं नव्हतं. बिरू जिथं पडला ते फाटक तिला एकदा बघायचं होतं. बघून काय करणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. वर्षभर ती मनात वेगवेगळी फाटकं उभी करत होती, कधी लोखंडी, कधी बांबूचं, आणि रोज त्याला वेगळ्याच फाटकाशी पडलेला बघत होती.

उन्हं कलायला लागल्यावर हवालदार त्यांच्याकडं आला. हातात मोबाइल होता.

"मावशी, हे बघा. यावर दाखवतेत."

पडदा तळहाताएवढा. त्यात तांबूस माती, माणसंच माणसं आणि मधे रांगेत उभे असलेले खेळाडू. बानाबाई मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन कडेकडेनं शोधू लागली. फाटक काही दिसेना. लाउडस्पीकर खरखरला. आवाज तात्यासाहेबांचा होता.

"आपला बिरू आज आपल्यात नाही. त्याचे आईवडील आजच्या कार्यक्रमाला येणार होते, परंतु प्रकृतीच्या कारणास्तव ते येऊ शकले नाहीत. त्यांच्या वतीनं मी हा दीप लावतो. आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

त्रिंबकनं हवालदाराकडं पाहिलं. हवालदारानं नजर खाली केली.

मोबाइलमधली माणसं उभी राहिली. त्रिंबक उठला, पटका काढून त्यानं छातीशी धरला. बानाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि ती त्याच्या शेजारी उभी राहिली. हवालदारही पाय जुळवून उभा राहिला. रस्त्यावरून उसाचा ट्रक हॉर्न वाजवत गेला. मागून दुसरा आला.

दोन मिनिटं व्हायच्या आतच शिट्टी वाजली. मोबाइलमधून मोठा गलका उठला आणि खेळाडू पळायला लागले.

"बसा मावशी," हवालदार म्हणाला. "झालं."

"झालं व्हय?" बानाबाई म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.