सात की नऊ

“सात टाक ना गं फ्लेविया, विषय संपव,” शेजारच्या टेबलावरचा सिद्धेश तिसऱ्यांदा म्हणाला.

फ्लेविया ऐकेल तर शपथ. अंधेरीच्या त्या रुग्णालयात आजारांना कोड देण्याचं काम ती अकरा वर्षं करत होती, आणि तिच्या काटेकोरपणाचा अख्ख्या विभागाने धसका घेतला होता.

समोर शिशुगृहातल्या सात महिन्यांच्या बाळाची फाइल होती. रक्तात अँटीबॉडी कमी. नव्या तपासणीत आकडा जरासा वर सरकलेला. खाली डॉक्टर मधुवंतींच्या अक्षरात एकच शब्द: ‘तात्पुरतं?’

तात्पुरतं असेल तर कोडच्या शेवटी सात. नक्की नसेल तर नऊ.

“प्रश्नचिन्ह आहे,” ती म्हणाली. “शंकेला सात देता येत नाही.”

“अगं, त्याला दत्तक द्यायचंय! सात दिलंस तर वर्षानुवर्षं रांगेत थांबलेल्यांपैकी पहिलं जोडपं त्याला घेऊन जाईल. नऊ दिलंस तर विशेष गरजांच्या यादीत पडेल. आजारी पोरांच्या त्या यादीकडे कोण बघतं? वाट लागेल यार त्याची. मॅडमना एक फोन कर, प्रश्नचिन्ह खोडतील.”

फ्लेवियाने रिसीव्हर उचलला, क्षणभर धरला आणि परत ठेवला. “ओपीडीत असतील. कशाला त्रास?”

टेबलावर तिच्या नवऱ्याचा, ब्रायनचा, फोन येत होता. तिने मोबाइल पालथा केला आणि नऊ टाकला.

सिद्धेशच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या घरीही एवढंच बाळ होतं. दुपारी हीच बाई डबा न उघडता वॉर्डात गेली होती, म्हणे वजन पडताळायला. पाऊण तास बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तरी पाझर फुटू नये?

चार वाजता शिशुगृहाच्या अस्मिताताई आल्या. कोड पाहून त्यांचा चेहरा पडला. “उद्या दहाला विशेष यादीत टाकते,” म्हणत त्या अहवाल घेऊन गेल्या.

सिद्धेशला राहवलं नाही. दोन शब्द सुनवायचेच, म्हणून तो फ्लेवियाच्या मागे जिन्यात गेला. ती पाठमोरी उभी होती, मोबाइल कानाला, आणि रडत होती.

“ब्रायन, उद्या दहाच्या आधीच कंप्युटरपुढे बस. बाळाचं नाव दिसलं की लगेच आपला अर्ज टाक. त्या यादीला रांग नसते.”