गार जेवणाचा बेत

नातवाचं नाव ठेवायच्या दिवशी सगळं जेवण गारच मांडायचं, असं सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं. म्हणजे ऐन वेळी कुणी गॅसपाशी अडकणार नाही, सगळ्यांना निवांत मिरवता येईल.

नणंदेनं नाक मुरडलं. "पाहुण्यांना गार अन्न वाढलं, तर लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

सासरे वाफाळत्या घासावर फुंकर घालत म्हणाले, "आधी घरातल्या कुणीतरी चार दिवस गारढोण जेवून बघा. बाधलं नाही, तर ठरवू."

सगळ्यांना गरम वाढून, रडणाऱ्या बाळाला खांद्यावर निजवून, सूनबाई आत्ता कुठे ओट्यावरचं आपलं झाकलेलं ताट उघडत होती.

"नाही बाधत," ती म्हणाली. "हा जन्मल्यापासून रोज तेच जेवतेय."